चंद्रकलेचं वजन

ठमीनं डोक्यावरची गोणी काट्यावर उतरवली, कमरेला हात लावून दम घेतला आणि चंद्रकलेच्या पोटाकडे हनुवटी करून विचारलं, "कितवा गो बाय? सहावा?"

सापगावच्या भात खरेदीच्या गोदामात तेव्हा सातआठ माणसं होती. हमाल होते, रांगेतले शेतकरी होते, बिडी विझवून कानावर ठेवणारा धाऊ मुकादम होता. एकानंही मान वर केली नाही, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. लिहिणाऱ्या बाईंचं अंग भरलंय हे त्यांनी आपापल्या मनात केव्हाच टिपून ठेवलेलं असणार; फक्त विचारायची हिंमत शेणव्याच्या वरच्या ठाकरवाडीतून उतरलेल्या ठमीला झाली. चंद्रकलेचं पेन एकेचाळीस किलोवर थांबलं. खरं उत्तर होतं, कितवाही नाही. हे पोट तेरा दिवसांचं होतं. मागच्याच्या मागच्या बुधवारी साडी नेसताना निऱ्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या, आणि आज परकराची नाडी गाठीपुरतीच उरत होती. पण तिनं मान खाली घातली आणि हसली. हे हसू तिनं नऊ वर्षं दुसऱ्या बायकांच्या तोंडावर पाहिलं होतं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, बारशाच्या पंगतीत, एस्टीत कोणी उठून जागा दिली की. आपल्या तोंडाला ते इतकं बेतशीर बसेल असं तिला वाटलं नव्हतं.

"एकेचाळीस," तिनं लिहिलं. "दुसरी गोणी हाय ना तुझी? थांब जरा, नंबरानं घेऊ."

ठमी भिंतीला टेकून बसली. चंद्रकलेनं पुढच्या गोणीत हात घातला. या गोदामात तिचा दरारा होता तो या हातामुळे. सहा वर्षांत तिला कोणी फसवू शकलं नव्हतं. माणसं रात्रभर गोणी दवात ठेवून आणत, कुणी तळाला पाणी शिंपडून आणी, आणि वर तोंडं अशी करत की जणू कोर्टात शपथेवर उभी आहेत. चंद्रकला कोपरापर्यंत हात आत घाली, तळातला एक दाणा काढी आणि दाढेखाली धरी. कट्ट वाजला तर माल सुका. दबला तर ओला. मग समोर सरपंच असो की सख्खा दीर, ती म्हणे, "पाण्याचं वजन आमी घेत नाय. वाळवून आणा." लोक चिडत, मागून टोमणे मारत, की हिच्या दाढेत सरकारनं मशीन बसवलंय, हिच्या पोटात मात्र काय बसत नाय. ते तिच्या कानावर येई. तेही ती टिपून ठेवी.

आज सकाळी हमाल यायच्या आधी ती स्वतः काट्यावर चढली होती. साडेअठ्ठावन्न. काल छप्पन. रविवारी गोदाम बंद, शनिवारी चोपन्न. तेरा दिवसांपूर्वी एक्कावन्न. पर्समध्ये घडी घातलेला एक कागद होता. मुरबाडच्या डॉक्टरीणबाई इंजेक्शनं सुरू करताना प्रत्येकीला द्यायच्या तो. चार रकाने: वजन, कंबरेचं माप, किती पाणी प्यालात, किती लघवी झाली. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, की दिवसाला किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला तर त्याच दिवशी या, वाट पाहू नका. चंद्रकलेनं रकाने भरले होते. रिकामा रकाना तिला सोसत नसे. हाताची सवयच तशी. फक्त तिनं आज लिहिलं होतं, बावन्न. काल साडेएक्कावन्न. अक्षर वळणदार, कुठे खाडाखोड नाही. खरे आकडे तिच्या डोक्यात होते आणि खोटे कागदावर, आणि दोन्हींची बेरीज रोज तिच्या बरगड्यांखाली होत होती. बसलं की तिथे काहीतरी वर सरकून श्वासाला म्हणे, एवढ्यावरच भागव.

झालं होतं ते असं. डिसेंबरात बाई म्हणाल्या, गोळ्यांनी होत नाही, आता इंजेक्शनं घेऊ, बीजं वाढवू. रोज एक सुई. शेणव्याला चांगो कंपाउंडरचा दवाखानावजा गाळा होता, तो टोचायचा. फ्रिजही त्याच्याचकडे होता. बाराव्या दिवशी मुरबाडला सोनोग्राफीच्या पडद्यावर बाई बघत राहिल्या. चंद्रकलाही मान वळवून बघत होती. उंबराच्या खोडाला फळं लगडावीत तशी काळी काळी गोल बीजं, एकाला एक खेटून, दोन्हीकडे. नऊ वर्षं जिथे दाणा धरत नव्हता तिथे ही रास. तिला हसू फुटलं. बाईंनी मात्र चष्मा काढला.

"मला दोन-तीन हवी होती," बाई म्हणाल्या. "ही वीसच्या वर आहेत. या महिन्यात सोडून द्यायचं. बीज फुटायचं इंजेक्शन मी देणार नाही, आणि तुम्हीही घरी नवऱ्यापासून लांब राहा. पुढच्या खेपेला कमी डोस देऊ."

"पन बाई, एवढी आलीत तर."

"एवढी आलीत म्हणूनच. ती फुटली तर पोटात पाणी भरतं. एखादीचं फुगतं, उतरतं, आणि दिवस राहिले असतील तर पुन्हा फुगतं, आधीपेक्षा जास्त. जिवावर बेततं. समजलं?"

समजलं होतं. चंद्रकला बारावी पास होती, मराठी वाक्य तिला समजे. पण वाक्याला तीन तुकडे होते आणि परतीच्या एस्टीत, सरळगाव गेलं, किन्हवली गेली, तसा पहिला आणि तिसरा तुकडा खिडकीबाहेर पडत गेला. दोन्ही बाजूंना कापलेली खाचरं होती, आणि एका बांधाशी कुणाचं तरी चार गुंठे भात उभंच राहिलेलं, दाणे झडून काळं पडलेलं. शेजारची म्हातारी तिला म्हणाली, "घरात मानूस मेलं असंल. नायतर उभं पीक कोन टाकतंय?" चंद्रकलेच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे, कधी कोणी उभं पीक टाकलं नव्हतं. मोडलेल्या पायानं बापानं कापणी केली होती. जास्त आलं म्हणून सोडून द्यायचं, हे शहाणपण कुठल्या गावचं? ती घरी न जाता शेणव्यालाच उतरली. फुटायचं इंजेक्शन आधीच आणून चांगोच्या फ्रिजात ठेवलेलं होतं. तिनं सांगितलं, "बाई बोलल्या, आजच घे म्हणून." चांगोनं चिठ्ठी मागितली नाही. बारा दिवस तो तिला रोज सुई टोचत होता आणि चंद्रकला खोटं बोलत नाही हे तालुक्याला ठाऊक होतं. सहा वर्षांच्या खरेपणाचं हे असं चीज झालं.

नवऱ्याला, आदेशला, तिनं तेवढंच सांगितलं जेवढं चांगोला. तो ठाण्याला कंपनीत, एक दिवस आड रात्रपाळी. त्यानं रजा टाकली. मग चौथ्या दिवशी पोट फुगलं, आठव्या दिवशी उतरलं, आणि ते उतरलं तेव्हा ती मोरीत बसून रडली. आणि परवा रविवारपासून पुन्हा वर येऊ लागलं. आधीपेक्षा जास्त. बाईंच्या वाक्याचा मधला तुकडा, दिवस राहिले असतील तर पुन्हा फुगतं. तिला मळमळत होतं, पाठ मोडून येत होती, आडवं झालं की छातीवर कोणी पाय दिल्यासारखं होई, म्हणून ती रात्री भिंतीला टेकून बसून राही. आणि त्या बसण्यात भीती होती तितकंच काहीतरी गोड होतं, ज्याची तिला लाज वाटत होती. शुक्रवारी पाळीची तारीख. तीन दिवस. शुक्रवारी पाळी आली नाही की ती मुरबाडला जाणार होती, आणि मग बाई काय बोलतील ते बोलोत. पोटात मूल असलेल्या बाईला कोण किती बोलतं? आज गेलं तर सुई घालून पाणी काढतील. सरळगावच्या एकीचं असंच पाणी काढलं आणि पाण्याबरोबर तेही गेलं, असं दवाखान्याच्या बाकावर कोणी सांगत होतं. खरं की खोटं, तिनं विचारलं नाही. बाकावरच्या गोष्टी विचारायच्या नसतात, नुसत्या घरी न्यायच्या असतात.

दुपारी सासू डबा घेऊन आली. सकुबाई पंचावन्नची, कमरेत वाकलेली, पण नजर घारीची. एरवी सुनेला जेवायला घरी ये म्हणणारी बाई दोन दिवस स्वतः डबा आणत होती आणि विचारत काहीच नव्हती. न विचारणं ही तिची मेहरबानी होती. तिनं डब्याचं झाकण उघडून पेज पुढे ठेवली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "धाऊ सांगत व्हता, तू काट्याव चढतीस म्हून."

"सहज बघितलं, आत्या."

"सहज नाय नि बिहज नाय. रास पुजल्याबिगर कोनी मापतंय का? तुज्या सासऱ्यानं खळ्यात कदी पयल्या मापाला एक म्हटलं नाय. लाभ म्हनायचा. लाभ झाला की मग दोन." तिनं पदरानं सुनेचं कपाळ पुसलं. कपाळ थंड आणि ओलं होतं. ते तिच्या लक्षात आलं असावं, पण हिशेबात घेतलं नाही. "तीन म्हैने सरस्तवर कुनाला सांगायचं नाय, कुठं जायाचं नाय, दाक्तरकडं बी नाय. मोजलेलं टिकत नाय बाय. नऊ वर्सं मी तोंड दाबून बसले, तू तीन म्हैने बस."

नऊ वर्षांत सासू इतकं मऊ बोलली नव्हती. पेजेचे दोन घोट चंद्रकलेनं गिळले, तिसरा परत आला, तो तिनं रुमालात घेतला. सकुबाई ते पाहून खूश झाली. उलटीसारखी साक्ष नाही. ती डबा झाकून गोदामाच्या दाराशी गोणपाटावर बसली, मालकीण बसावी तशी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला काहीही न सांगता सगळं सांगू लागली.

मागच्या बाजूला संडास होता. चंद्रकला तिकडे जाऊन आली. सकाळपासून ही पहिली खेप. अर्धा पेलाही नाही, आणि रंग उकळून ठेवलेल्या चहाचा. खरा आकडा तिनं डोक्यात लिहिला आणि परत येताना, पंधरा पावलांत, दोनदा थांबली. धाऊ म्हणाला, "बाई, बसून लिवा, मी वाचतो आकडं." त्याच्याही आवाजात ती नवी अदब होती. गेल्या दोन दिवसांत सगळ्या गावाचा आवाज असा मऊ झाला होता, तेल लावल्यासारखा, आणि त्या मऊपणात आपण हळूहळू खाली जातोय असं तिला वाटलं. कोणी हात देणार नाही, कारण कोणाला वाटतच नाही की ही बुडतेय. सगळ्यांना वाटतंय ही तरंगतेय.

ठमीचा नंबर आला. तिनं दुसरी गोणी ओढत आणली, पण काट्यावर ठेवली नाही. ती चंद्रकलेसमोर उकिडवी बसली आणि बघत राहिली. दुपारभर ती बघतच होती. तिच्या वाडीतली निम्मी पोरं तिनं स्वतःच्या हातांवर झेललेली. विचारलं न विचारलं असं करून तिनं तळहात चंद्रकलेच्या कुशीला लावला. "जरा इकडं कल गो." चंद्रकला कलली. "आता तिकडं." ठमीनं हात काढला.

"बाय, मी सकाळी चुकलू," ती म्हणाली. "पोर असतंय ते एका जागी बसतंय. ह्ये तू कलतीस तिकडं जातंय. पानी हाय ह्ये."

"तुला काय कळतं?"

"मला पोटं कळत्यात. तुला भात कळतंय तशी."

दाराशी बसलेल्या सकुबाईनं मान वळवली. "काय गो ठाकरणी, काय बोलतीस माज्या सुनंला?"

ठमीनं तिच्याकडे बघितलंच नाही. "दम तुजा दोन तुकड्यांत येतोय. आमच्या वाडीतल्या चंदाचं असं पोट झालं व्हतं, काविळीत. आमी बी बोललो, दिस गेलं."

"मग?"

"मग काय." ठमीनं गोणीचं तोंड सोडलं. "घे, बघ माल."

चंद्रकलेच्या कानांत काहीतरी गरम चढलं. हिला कोणी विचारलं होतं? वर्षातून दोन गोण्या आणणारी बाई. तिनं गोणीत हात घातला, तळाचा दाणा काढला, दाढेखाली धरला. कट्ट. इतका स्वच्छ आवाज की धाऊनंही ऐकला असेल. आणि तिनं स्वतःचा आवाज ऐकला, "ओला हाय. वाळवून आण."

 ठमीनं गोणीतला एक दाणा उचलला, दातांत धरला, फोडला, आणि दोन्ही अर्धुकं तळहातावर घेऊन पाहत राहिली. भांडली नाही. "बरं," ती म्हणाली. "तू बोलतीस तर ओला." तिनं सुतळी पुन्हा आवळली, गोणी डोक्यावर घेतली आणि पाच कोस आलेली बाई निघाली.

ती दारातून बाहेर पडेपर्यंत चंद्रकला बघत होती. धाऊ तिच्याकडे बघत नव्हता, पुस्तकाकडे बघत होता. तो आकडा वाचायची वाट पाहत होता आणि आकडा नव्हता. सहा वर्षांत सुक्या मालाला ओला म्हणण्याची ही पहिली वेळ. ओल्याला सुका तर ती तेरा दिवस म्हणत होती. मग आता हातात काय उरलं? तिनं आणखी एका गोणीत हात घातला आणि कळलं की बोटांना काही सांगता येत नाहीय. सुकं, ओलं, काही नाही. बोटं बधिर होती आणि नखं जांभळट. तिनं श्वास घेऊन पाहिला. तो गळ्याखाली चार बोटं उतरला आणि थांबला, उंबऱ्यात अडलेल्या माणसासारखा. तेव्हा तिला पहिल्यांदा नुसती भीती वाटली. गोड काही नाही. शुक्रवार तीन दिवसांवर होता आणि तीन दिवसांत किती श्वास लागतात याचा हिशेब तिला सुचला. तो तिनं अर्ध्यात सोडला.

टेबलावर गोदामाचा फोन होता. नंबर पाठ होता.

"बाई, सापगाववरनं चंद्रकला बोलते. पोट फुगलंय."

"फुटायचं इंजेक्शन आपण दिलं नव्हतं ना?" बाईंचा आवाज निवांत होता, मागे कुठे कप वाजला. "मग फार काही नसतं, गॅसेस असतील. वजन किती कागदावर?"

दाराशी सकुबाई उठून उभी राहिली होती आणि हात हलवून नको नको म्हणत होती. कागद पर्समध्ये होता. बावन्न म्हटलं तर बाई म्हणतील, शुक्रवारी या. इतकं सोपं होतं. चंद्रकलेनं तोंड उघडलं आणि तिला कळेना की त्यातून काय येणार आहे; मघाशीही कळलं नव्हतं.

"साडेअठ्ठावन्न," ती म्हणाली. "एक्कावन्नची होते. इंजेक्शन मी घेतलं बाई. खोटं बोलून घेतलं. चांगोची चूक नाय."

कपाचा आवाज थांबला. "लघवी?"

"सकाळपासून अर्धा पेला. काळी."

"निजता येतं?"

"नाय."

"आत्ता निघा. एस्टीनं नको. गाडी करा, बसून या, आडवं होऊ नका. मी दारात थांबते."

धाऊनं कुणाची तरी जीप थांबवली. सकुबाई बडबडत होती, की पाप आहे, मोजलेलं टिकत नाय, त्या ठाकरणीनं नजर लावली. पण गाडीत ती पहिली चढली. गावाबाहेरच्या चढावर ठमी दिसली, गोणी डोक्यावर, रस्त्याच्या कडेनं. चंद्रकलेला थांबा म्हणायचं होतं. त्याला जेवढा दम लागतो तेवढा तिच्यापाशी नव्हता. जीप गेली, आणि ठमी धुरळ्यात पदर तोंडाला लावून उभी राहिली.

मुरबाडला बाईंनी ओरडा केला नाही. चंद्रकलेनं तो सबंध वाटेत ऐकून ठेवला होता, त्यामुळे तो आला नाही तेव्हा तिला जास्त भीती वाटली. खुर्चीतच बसवून बाईंनी सोनोग्राफी केली. पडद्यावर उंबरं आता दिसत नव्हती, मुठीएवढे दोन गोळे काळ्या पाण्यात हलत होते, आणि पाणी वर बरगडीपर्यंत. हाताला सलाईन लागलं. रक्त काढलं ते काकवीसारखं जड आलं, सिस्टरनं सुई बदलली. बाई फोनवर कल्याणला बोलत होत्या, बेड, ॲम्ब्युलन्स, रक्त घट्ट झालंय, हो, आज रात्रीच. मग सिस्टर लघवीची पट्टी घेऊन आली आणि बाईंच्या समोर धरली. बाई पाहत राहिल्या.

"दोन रेघा आहेत," त्या शेवटी म्हणाल्या.

सकुबाई भिंतीपासून सुटून पुढे आली. "म्हंजी?"

"म्हणजे अजून काही नाही. त्या इंजेक्शनचा अंश अंगात उरतो, त्याचीही रेघ येते. तीनचार दिवसांनी पुन्हा रक्त तपासल्यावर कळेल." बाई खाली वाकल्या, चंद्रकलेच्या डोळ्यांशी डोळे आणून. "पण दिवस राहिले असतील तर हे इथे थांबणार नाही. वाढणार आहे. ते जितकं धरेल तितकं हे चढेल. कळतंय का मी काय म्हणते?"

"पाडनार?"

"आधी पाणी काढू. मग बघू. आता बोलू नका."

चंद्रकलेनं मान हलवली. या वेळी वाक्याचे सगळे तुकडे तिच्यापाशी होते, एकही पडला नव्हता, आणि त्यांची काही बेरीज होत नव्हती. पोटात कोणी आहे की नुसती सुईची सावली आहे. असेल तर ते तिला खातंय, नसेल तर ती उगाच मरतेय. बाहेर अंगणात ॲम्ब्युलन्स मागे घेत होते, कोणी तरी येऊ द्या, येऊ द्या म्हणत होतं. बाईंनी तिचं मनगट धरलं, दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांसमोर आणलं आणि तिच्या छातीकडे बघत ओठांतल्या ओठांत श्वास मोजायला लागल्या. एकवीस, बावीस. पलीकडे सकुबाई भिंतीवरच्या कॅलेंडरखाली उभी होती. वाचता येत नव्हतं, म्हणून ती बोटांच्या पेरांवर अंगठा चालवत होती, माघ, फाल्गुन, चैत, आणि तिचा चेहरा उजळत चालला होता.

"दसरा," ती पुटपुटली. "दसऱ्याच्या पुढं-मागं."

"एकतीस," बाई म्हणाल्या, "बत्तीस," आणि मिनिट अजून सरलं नव्हतं म्हणून त्यांनी घड्याळ खाली ठेवलं नाही.